ओटीभरणाच्या दिवशी लावलेला फोन

सातवा महिना लागला आणि ओटीभरणाचा दिवस ठरला, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागेनात. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस गेले होते, म्हणून सासूबाईंनी अर्धं कुरुंदा गाव जेवायला बोलावलं. अंगणात वाळत घातलेली हळद एका कडेला ओढून मांडव टाकला. अंगावर हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि पोटात लेकराच्या सारख्या ढुशा. मला हसू आवरत नव्हतं.

पुण्यात नोकरी करणारी माझी नणंद आदल्या दिवशीच आली होती. तिचं लग्न नवंच होतं. पाहुणे पांगले, आतल्या खोलीत आम्ही घरच्या बायकाच उरलो, तेव्हा तिनं पिशवीच्या तळातून वाईनची बाटली काढली. तिच्या ऑफिसातल्या बायका गरोदरपणातही एखादा ग्लास घेतात, काही होत नाही, असं ती म्हणाली. मी पुण्याला गेले की आम्ही दोघी ती गुपचूप घ्यायचो, त्यामुळे चव ठाऊक होती. खरं सांगते, त्या दिवशीच्या आनंदात माझा हात पुढे गेलाच होता.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. चुलतसासू मात्र म्हणाल्या की त्यांच्या वेळी थंडी वाजली की पोटुशीला चमचाभर ब्रँडी पाजायचे. झालं, खोलीत दोन तट पडले आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. शेवटी मीच वसमतच्या माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. वाईन काय, बियर काय, ब्रँडी काय, बाळाला सगळी सारखीच, असं त्या म्हणाल्या. आई पिते ते नाळेतून बाळापर्यंत जातं, त्याला ते पचवता येत नाही आणि त्याच्या मेंदूची वाढ बिघडू शकते.

"किती घेतली तर चालेल, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून थेंबसुद्धा नको."

"मंग आमाला काहून देत व्हते?" चुलतसासू पुटपुटल्या. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात नणंदेनं माझं मनगट धरलं. ती फोनजवळ सरकून बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, दिवस गेलेत हे माहीत नसताना घेतली असेल तर?"

मग तिनं सगळं सांगून टाकलं. तिची पाळी चुकली होती. मागच्याच आठवड्यात एका पार्टीत तिनं दोन ग्लास घेतले होते आणि भीतीपोटी तपासणीही केली नव्हती. नवऱ्यालासुद्धा बोलली नव्हती. काही होत नाही, असं ती मला सांगत होती ते स्वतःलाच धीर द्यायला.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून बंद करा आणि उद्या येऊन भेटा. फक्त माझ्यापासून काही लपवू नका."

सासूबाई उठल्या, लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "सांगायचं न्हाई का माय?" मग मात्र एकच गलका उडाला. मेडिकलवरून तपासणीची पट्टी आली, तिच्यावर दोन रेघा उमटल्या. सासूबाईंनी तिला माझ्याशेजारी पाटावर बसवलं आणि उरलेल्या तांदळानं, नारळानं तिचीही ओटी भरली. इतक्या लवकर भरत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, नणंद आणि मी जीपनं वसमतला गेलो, वाटभर हसत. नणंदेची धाकधूक मात्र शेवटपर्यंत गेली नाही. प्रत्येक तपासणीत ती तोच प्रश्न विचारायची. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी लेकरू नीट तपासलं, बराबर आहे म्हणाल्या. तोवर माझं पोरगं पालथं पडायला लागलं होतं. एकाच गोधडीवर दोघांना टाकलं, तर त्यानं पहिल्याच दिवशी तिचं टोपरं ओढून काढलं. ती जी रडायला लागली! तो खणखणीत आवाज ऐकत नणंद आणि मी हसत बघतच राहिलो, उचलून घ्यायचंही सुचलं नाही.