टोकांना आधी तेल

माझ्या जुन्या शिडाच्या बोटीत केबिनच्या तोंडाशी दाराऐवजी फळ्या एकावर एक सरकवून बसवतात. त्या कुजल्या, पाणी आत यायला लागलं, म्हणून चांगल्या सागासाठी मी अलिबागहून थेट आलापल्ली गाठली.

तिथल्या सुताराचं नाव मी विचारलंच नाही. फळीला रंधा मारून झाला की तो डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा. मग जवसाचं तेल, तेही आधी टोकांना, तीन-तीनदा.

"पाणी टोकातून शिरते, भाऊ."

तो झोपडीपुढेच काम करायचा. झोपडीला दार नव्हतं. खताची पोती शिवून टांगली होती. काम संपल्यावर उरलेली हातभर फळी मी मोठ्या मनाने त्याच्यापुढे धरली. खरं तर गाडीत जागा नव्हती. त्याने हात मागे घेतले.

"पावती तुमच्या नावाची हाय. माह्या घरी साग दिसला का जंगलाचा गार्ड विचारते, कुठून तोडला?" मग म्हणाला, "तुमच्या बोटीत झोपते कोण?"

 त्या तुकड्याच्याही टोकांना तेल लावून त्याने तो माझ्या गाडीत कशीबशी जागा करून ठेवला.

यंदा चार महिने पावसाने बोट झोडपली. आत थेंबही आला नाही. आत कोणीच नव्हतं.