जरा ओणवे व्हा, शेठ

"शेठ, जरा ओणवे व्हा."

दुकानात आलेल्या आबांचं माझ्या लक्षात राहिलेलं पहिलं वाक्य हेच. माझं नाशकात दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांचं दुकान आहे. हट्टी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने भर दुपारी दुकानामागच्या अंधाऱ्या गोदामात गुडघे टेकावेत, हा मान मला फक्त आबांनी दिला.

आबा दिंडोरीच्या पुढच्या एका गावचे. सत्तरीचे, सडसडीत. हातात कापडी पिशवी, पिशवीत घोंगडी. त्यांच्याकडे मक्यात रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत निम्मं शेत आडवं करतात. मारायला वनखात्याची परवानगी लागते. ती त्यांच्या पुतण्याने काढली होती, बंदूकही त्याचीच. आबांना त्याच्यासाठी अंधारात दिसणारी दुर्बीण हवी होती.

मी दोन्ही प्रकार काढून ठेवले. नाइट व्हिजन थोड्या उजेडावर चालते, जनावराचे डोळे चमकतात. थर्मलला उजेड लागतच नाही, अंगाची ऊब दिसते, गरम असेल ते पांढरं. डुक्कर किती लांबून दिसतं, बॅटरी किती टिकते, माझी नेहमीची पोपटपंची चालू झाली.

"डुकराचं राहू द्या," आबा म्हणाले. "माणूस माणसावानी दिसतो का, तेवढं सांगा."

मग गोदाम. दिवा बंद. माझ्या अंगावर घोंगडी. "अजून वाका. मान आत घ्या. हातानं काहीतरी जोडताय असं करा." मग उसासा. "नाय शेठ. यात तुम्ही डुक्करच दिसता."

काउंटरवरून माझी बायको म्हणाली, "ते कळायला दुर्बीण कशाला हवी?"

अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी गुडघे बोलायला लागले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आबा, रात्री मक्यात घोंगडी पांघरून ओणवा कोण बसणार आहे हो? असा शहाणा कोण आहे तुमच्या गावात?"

आबा घोंगडीची घडी घालत होते. "माझा भाऊ बसला होता," ते म्हणाले.

मी दिवा लावला. आबा खोक्यावर बसले आणि खाली बघत बोलले. "आमच्यात गोळी घालायच्या आधी तीन हाका मारायची रीत हाय. माणूस असला तर ओ देतो. डुक्कर देत नाय. धाकट्याला ऐकू कमी यायचं. तो मनमाडला लग्नाला गेलेला, मला वाटलं मुक्कामी राहील. पर मोटारीला रातची लाइट होती म्हणून परत आला अन् तसाच पाणी द्यायला शेतात शिरला. ठिबकची नळी जोडत होता. मी तीन हाका मारल्या, शेठ. मोजून तीन."

कोर्टाने अपघात धरला. त्या भावाच्या मुलाने, म्हणजे याच पुतण्याने, धरला नाही. एका घरात राहून तो आबांशी बोलत नव्हता. आणि आता रात्री बंदूक घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर तोच बसणार होता.

मला स्वतःची लाज वाटली. मी स्वतःहून पुन्हा घोंगडी घेतली आणि आबांच्या हातात दुसरी, जरा भारी, व्हिडिओही घेणारी थर्मल दिली. इकडून तिकडून पाहून ते म्हणाले, "बोटं दिसली. डुकराला बोटं नसत्यात."

त्यांनी तीच घेतली. मी मात्र खरं ते सांगितलं. पानांआडचं यातही पक्कं दिसत नाही. शंका आली तर बार काढायचाच नाही, हे पुतण्याला बजावा.

"बोलत नाय तो. सांगू कसं?" आबा पिशवी उचलत म्हणाले. "दाखवीन."

गेल्या महिन्यात पुतण्या दुकानात आला. आबा झोपेतच गेले, म्हणाला. दुर्बीण काउंटरवर ठेवली. मला वाटलं, परत करायला आलाय.

"यातला व्हिडिओ मोबाइलवर घेता येतो का?"

येतो, म्हटलं, कसला आहे?

"आबा रोज अंधार पडला की ही माळ्यावर ठेवायचे, अन् घोंगडी घेऊन मक्यात जाऊन बसायचे. मला कायबी म्हणायचे नाय. आठ-धा दिवस मी हातच लावला नाय. मग एकदा लावली डोळ्याला."

मी व्हिडिओ सुरू केला. काळा मका, मधे एक फिकट गोळा, ओणवा. पुतण्याचा आवाज आला, "कोण हाय?" गोळा हलला नाही. दुसरी हाक. तिसरी. आबा ओ देत नव्हते. ते देणारच नव्हते, त्यांच्या भावालाही ऐकू आलं नव्हतं. नुसती पानांची सळसळ चालली होती.

मग पुतण्याचा आवाज, अगदी हळू. "आबा, उठा. दिसले तुम्ही."

गोळ्यातून दोन पांढरे हात बाहेर आले. बोटं दिसली. आबांना उठायला वेळ लागला. उभे राहिले आणि तसेच हात वर धरून उभे राहिले.

"माझा बाप गेल्यापासून त्यांच्याशी तेवढंच बोललो मी," पुतण्या म्हणाला. माझी बायको पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो त्याने घेतला नाही.

"परत लावा ना," तो म्हणाला.

मी परत लावला.