आधी बूड दाखव

धावड्याचे ग्यानबा आबा कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायचे. मुळा, माठ, चप्पल, काहीही. माझ्या बारशाला त्यांनी मलाही उलटं धरलं होतं म्हणतात. मी असं भोकाड पसरलं, की भोकरदनचा फौजदार चौकशीला आला.

हा नाद रानातल्या छत्र्यांनी, म्हणजे अळंब्यांनी लावलेला. पावसाळ्यात अख्खं गाव टोपल्या घेऊन आबांच्या ओट्यावर. "बाई, तोंड कुणीबी धुतं. आधी बूड दाखव!" खाली लांब मुळी असली, की ती वारुळावरची, खायची. गळ्यात कडं आणि बुडाला वाटी असली, की ती विषारी, थेट चुलीच्या जाळात. "ही नटून आलेली हाय. घरात घेतली की घर बुडवते."

दुष्काळ सरला त्या वर्षी मी आणि आबा राजूरला त्यांच्या लेकीकडं, सुमनकडं गेल्तो. तिनं स्वतः वेचून छत्र्यांची भाजी केली होती. व्याही छाती फुगवून म्हणाले, "ग्यानबाची लेक हाय ती. तिला काय बूड दाखव म्हणायचं?"

चिरलेल्या भाजीला बूड कुठलं! मानाचे पाहुणे म्हणून आबांना आधी वाढलं. निम्मी भाजी संपवून ते थबकले. बोटांत एक फोड होती. फोडीला बारीक कडं.

मी पहिला घास उचलला, तो आबांनी फटका मारून उडवला. मग उठून लाथेनं पातेलंच पालथं केलं. "थू! जनावर तोंड लावायचं न्हाई याला!" सुमन तोंडाला पदर लावून उभी. व्याह्यांनी आम्हाला हाकलूनच दिलं.

वाटेत आबा म्हणाले, "कुठं बोलू नको. बापाला ईख घातलं म्हणतील. पोरीला नांदवणार न्हाईत."

"आधी दवाखान्यात चला."

"चल. पण तिथंबी शिळं खाल्लं म्हणायचं, बराबर?"

उलट्या झाल्या, सलाईन लागलं. मध्ये बरं वाटलं, चहासुद्धा प्याले. मग डोळे पिवळे झाले आणि आबा गेले.

कशानं गेले म्हणून गाव विचारायचं. कुणाला मी सांगितलं, परातीएवढा मोदक गिळला. कुणाला सांगितलं, नाग चावला, नागही मेला. लोक हसून पुढं जायचे. माझ्या जन्मभराच्या थापा तेवढ्याच कामी आल्या.

दहाव्याला सुमननं मला गाठलं. "दादा, आबांनी माझ्या हातचं का लाथाडलं?"

एरवी माझ्याकडं थापांची पोती भरलेली. त्या वेळी एकच निघाली. "मीठ जास्त झाल्तं, बाई."

त्यानंतर मरेपर्यंत तिनं भाजीत धड मीठ घातलं नाही. राजूरला गेलो की ती अळणी भाजी मी ताट पुसून खायचो. वरून मीठ मागायची हिंमत झाली नाही.