खालच्या आळीत किती माणसं

अप्पांचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या छापखान्यात मुद्रितं तपासत बसले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. माझ्या कामाच्या वेळेत ते कधी फोन करत नाहीत, म्हणून हातातलं काम टाकून लगेच उचलला.

"काही नाही गं," ते म्हणाले. "झरा बंद झालाय."

"कुठला झरा?"

"कुठला म्हणजे? आपल्या घरामागचा. काल लाल पाणी येत होतं. आज सकाळपासून थेंब नाही. एवढा पाऊस कोसळतोय आणि झरा कोरडा. माझ्या जन्मात असं..."

फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. आणखी लावत राहिले. प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगत होती.

माझं माहेर घाटमाथ्यावर आहे. नगरपालिका असल्यामुळे सरकारदरबारी ते शहर, पण तिथे जन्मलेली माणसं त्याला गावच म्हणतात. साहेब लोक येण्याआधी तिथे एक जकातीची चौकी होती आणि धनगरांची थोडी घरं. साहेबांना थंड हवा हवी होती. त्यांनी पठाराच्या कडेकडेने, जिथून दरी दिसते तिथे बंगले बांधले. बंगल्यांना माणसं लागली, म्हणून सपाटीवरून माळी, खानसामे, घोडेवाले आणि चपला-बूट शिवणारे आणवले. त्यांना राहायला जी जागा उरली ती डोंगराच्या पायाशी, ओढ्याला लागून. तीच आमची खालची आळी. माझ्या पणजोबांना लाकडी काठ्या घडवायला आणलं होतं. फिरायला जाणाऱ्या साहेबाला काठी लागायची. साहेब गेले, बंगल्यांची हॉटेलं झाली, वरचा बाजार पर्यटकांनी भरला. आळी मात्र होती तिथेच राहिली, डोंगर पाठीशी घेऊन. अप्पा अजून लेथवर काठ्या घडवतात. आई गेल्यापासून एकटेच राहतात.

डोंगरातून पाणी बाहेर यायचं थांबलं, तर ते आत कुठेतरी साठत असतं. हे कळायला भूगोल शिकावा लागत नाही. मी मुद्रितं बाजूला सारून उठले.

मालकांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जा तुम्ही. पुस्तक तीन वर्षं रखडलंय. आणखी एक दिवस लेखकाच्या लक्षातही यायचा नाही."

मी भाईला फोन केला. भाई आमच्याच आळीतला, चपला शिवणाऱ्यांच्या घरातला, माझ्यापेक्षा थोडा मोठा. आता हडपसरला त्याचं चपलांचं दुकान आहे. त्याची अम्मी अजून वरच होती, आमच्यापासून तिसऱ्या घरात.

"ताई, अम्मीचापण फोन लागत नाही," तो म्हणाला. "निघायचं म्हणून एसटी स्टँडला विचारलं, तर घाट बंद. झाडं पडलीत. तुम्ही इकडेच या. एकटीनं घरी बसून काय कराल?"

रिक्षाने हडपसरला गेले. पुण्यात पाऊस भुरभुरत होता. लोक छत्रीसुद्धा उघडत नव्हते. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवरची दोघं कुठल्याशा लग्नाबद्दल हसत होती. मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याचं मलाच नवल वाटलं.

दुकानात भाईबरोबर एक मुलगी उभी होती. आळीतल्या घोडेवाल्यांची ती. तिथल्याच आयटी पार्कात नोकरीला होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. आई-बाप लहानपणीच गेले, तिला काकाने वाढवलं. काकाला बायको-मुलं नाहीत. चार घोडे आणि ही पुतणी एवढाच त्याचा संसार.

"काकांचा लास्ट मेसेज सकाळचा आहे," ती म्हणाली. "नुसता घोड्यांचा फोटो पाठवलाय. मी रिप्लायसुद्धा नाही केला, मीटिंग होती."

भाईने तालुक्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर मिळवला होता. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. पलीकडचा माणूस दमलेला होता, पण नीट बोलत होता. भाईने झऱ्याचं सांगितलं. त्या माणसाने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "पथक निघालंय, पण पोहोचायला वेळ लागेल. मला एवढं सांगा, आळीत माणसं किती? कुठल्या घरात कोण? म्हातारं, आजारी, लहान मूल? पथकाला तिथे गेल्यावर विचारत बसायला वेळ मिळेल न मिळेल."

"सांगतो," भाई म्हणाला. "दहा मिनिटं द्या."

त्याने चपलांच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि पेनाने आळी काढली. ओढा, वळण, वळणावरचा पिंपळ. आम्ही दोघं त्यावर वाकलो. पहिलं घर गवंड्याचं. "तो वारला ना?" "तो वारला, मुलगा आहे." "मुलगा भोसरीला असतो." "मग घरात कोण?" दोघांनाही माहीत नव्हतं. दुसरं घर बंद, हे नक्की. तिसऱ्यात माळ्याची म्हातारी आणि सून. पण सून होती का माहेरी गेली होती? ज्या आळीत मी डोळे मिटून चालू शकले असते, तिच्यातली माणसं मला सांगता येईनात. आम्ही घरं सांगत होतो ती आमच्या लहानपणची.

"आमच्या शेजारचं घर रिकामं," मी म्हणाले.

"नाही, ताई," ती मुलगी म्हणाली. "तिथे हॉटेलातला कुक राहतो. बिहारचा. बायको आहे, छोटं बाळ आहे. मार्चमध्ये मी बाळ बघून आलेय."

 आमची आणि त्या घराची भिंत एक. मी फोनवर "रिकामं" सांगून मोकळी झाले असते.

मग तीच सांगत गेली. गवंड्याच्या घरात वेटरचं काम करणारी पोरं, भाड्याने. पिंपळाजवळच्या दोन खोल्यांत पेंटरचं कुटुंब, त्यांचा म्हातारा बाप लकव्याने अंथरुणाला खिळलेला. भाई लिहीत होता. झाकणावरची जागा संपत आली तसं त्याचं अक्षर बारीक होत गेलं.

एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा. आम्हाला झाकणावर वाकलेलं बघून म्हणाले, "चपला दाखवता की नकाशेच विकता?" मग त्यांनी आमचे चेहरे बघितले. "काय झालंय?" भाईने सांगितलं. आजोबा बाहेर गेले आणि शेजारच्या टपरीवरून चहा पाठवून दिला.

कक्षाला सगळं कळवलं. त्या माणसाने परत वाचून दाखवलं. मग आम्ही थांबलो. थांबण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं, आणि भीती खरी तिथून सुरू झाली. काम होतं तोवर ती दाराबाहेर उभी होती. मोकळी झाले तशी ती आत आली. मला अप्पा दिसायला लागले, लेथपुढे बसलेले, पाठ डोंगराकडे. त्यांना ऐकू कमी येतं. मागून काही आलं तर कळणारसुद्धा नाही, हे मनात आलं आणि मग जाईना.

दिवस कलताना मुलीच्या फोनवर कोणीतरी बातमी पाठवली: दरड कोसळली. गावाचं नाव होतं. आळीचं नव्हतं. किती, कोण, काही नाही. कक्षाचा नंबर आता सतत व्यग्र. भाईने शटर अर्धं ओढलं आणि तिथेच खाली बसून दुवा मागायला लागला. मी मनात देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण मला शब्दच आठवेनात.

रात्र भाईच्या घरी काढली. त्याच्या बायकोने जेवण वाढलं, कोणीच जेवलं नाही.

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. अप्पांचा आवाज. घसा बसलेला.

"सगळे वर आहोत. बाजारातल्या शाळेत. अम्मीला सांग... म्हणजे भाईला सांग, अम्मी ठीक आहे. माझ्याशेजारीच बसलीय, चहा बेकार आहे म्हणून ओरडतेय."

मी भाईकडे बघून मान डोलावली. तो भिंतीला टेकला आणि तोंडावर हात धरून रडायला लागला.

"आळी?" मी विचारलं.

"आळी नाही राहिली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "घोडेवाल्यांची पोर आहे का तिथे?"

"आहे."

"मग आत्ता काही बोलू नकोस. आधी तिला बसव."

ती माझ्यासमोरच उभी होती. माझा चेहरा वाचत होती. मी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवायला गेले, पण ती बसली नाही.

"काका?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.  ती रडली नाही. म्हणाली, "कॉल कट करू नका. घोड्यांचं विचारा."

मी विचारलं. अप्पा म्हणाले, "आलेत म्हणावं. चारही. शाळेच्या पटांगणात उभे आहेत. त्यांना सोडायलाच तो परत खाली गेला होता."

मी सांगितलं. तेव्हा ती बसली.

पुढचं सगळं घाट उघडल्यावर, तिथे गेल्यावर कळलं. अम्मीच्या स्वयंपाकघरातली फरशी सकाळीच मधोमध तडकली होती. अप्पा आणि अम्मी एका ओट्याच्या भांडणावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. झरा बघून अप्पा तिच्या दारात गेले. तिने काही न विचारता त्यांना आत नेऊन फरशी दाखवली. मग दोघांनी थाळ्या घेतल्या आणि घराघरापुढे बडवत फिरले. लोक निघेनात; पावसात म्हाताऱ्यांचं डोकं फिरलं म्हणाले. बिहारी बाईला तर काय चाललंय तेच कळेना. अम्मीने तिच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि वरच्या रस्त्याला लागली. बाई किंचाळत तिच्यामागे धावली. लकव्याच्या आजोबांना वेटर पोरांनी खाटेसकट उचललं. हाताला धरून, शिव्या देऊन, जमेल तसे सगळे वर नेले. पथक पोहोचलं तेव्हा आळी रिकामी होती. फक्त काका परत गेलेला. घोडे वर आले, तो यायच्या आधीच डोंगर खाली आला.

मी जागा बघितली. जिथे आळी वळायची तिथे वळणच नव्हतं. लाल मातीचा उतार थेट ओढ्यात उतरला होता आणि डोंगर वर सोललेला दिसत होता. आमचं घर कुठे होतं ते मला दाखवता आलं नाही.

अम्मी आता हडपसरला असते. वेटर पोरं दुसऱ्या गावी गेली. पेंटरचं कुटुंब तालुक्याला. उरलेली माणसं पठाराच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. घरं देणार म्हणतात.

अप्पांना मी बिबवेवाडीला आणलं. आमच्या सोसायटीच्या मागे टेकडी कापून एक इमारत उठते आहे. अप्पा गॅलरीत उभे राहून तिकडेच बघायचे. एकदा वॉचमनला विचारलं, "या टेकडीचं पाणी कुठे जातं हो?" तो हसला. अप्पा आत आले आणि म्हणाले, "इथे मला झोप लागत नाही. मला वर सोड."

"वर? अजून तिथे?"

"तिथे मला कुठे बघायचं ते माहीत आहे. इथे नाही."

मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी दिवाळीनंतर त्यांना वरच्या बाजारात एक खोली भाड्याने घेऊन दिली. लेथ गाडला गेला होता, नवा आणला.

घोडे त्या मुलीच्या काकाच्या एका मित्राने सांभाळायला ठेवलेत. ती दर शनिवारी त्यांना बघायला जाते. यंदाच्या पावसाळ्यातही जात होती. मी तिला नको म्हणू शकले नाही, कारण अप्पांना भेटायला त्याच बसमध्ये मीही असायचे. घाट लागला की तिचं बोलणं थांबायचं. डोंगराच्या बाजूची खिडकी आम्ही दोघींनी आधीच पकडलेली असायची. काच वाफेने धूसर झाली की ती बाहीने पुसायची, आणि आम्ही दोघी माना वाकड्या करून वरच्या कड्याकडे बघत राहायचो.