कादंबरी निवडायला बसलेली पंडितसभा

"इसमें गाना कितना है?" शेटजींनी विचारलं.

मी सांगितलं, एकच आहे. नायिका मरताना म्हणते. पण मरायला ती चाळीस पानं घेते, आणि तेवढा वेळ नायक उशाशी उभा राहून स्त्रीशिक्षणावर भाषण करतो.

शेटजींचा चेहरा उतरला. कादंबरी त्यांच्या गुरुजींची, म्हणजे भाऊशास्त्रींची होती.

बोलपट तेव्हा नवे होते. शेटजींचा बनारसी शालूंचा व्यापार. कुणीतरी डोक्यात भरवलं आणि त्यांनी काशीत फिल्म कंपनी काढली. मला स्टोरी डिपार्टमेंटचा हेड नेमलं. डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच होतो. कादंबऱ्या वाचायच्या, प्रत्येकीची सिनॉप्सिस करायची, म्हणजे सगळी गोष्ट एका पानावर आणायची, आणि खाली रिपोर्ट द्यायचा: चित्र होईल किंवा होणार नाही. माझी पद्धत सोपी होती. कादंबरीतून आधी लेखकाला बाहेर काढायचं. त्याची मतं, सूर्यास्त, उपदेश, सगळं. मग उरलेली माणसं काही करतात का ते बघायचं. बहुतेक ठिकाणी ती नुसती बसलेली सापडतात.

सातशे पानांतून भाऊशास्त्रींना बाहेर काढल्यावर एक खाट आणि औषधाची बाटली उरली. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं.

माझ्या टेबलावर यमुनाबाईंची वहीही होती. बाई दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या शेजारी राहायच्या. बालविधवा. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांची गोष्ट शंभर पानांची. एका विधवेला तिचा दीर काशीयात्रेला आणतो, घाटावर बसवतो, "तिकिटं काढून येतो" म्हणतो आणि परत येत नाही. ती यात्रेकरूंसाठी स्वयंपाक करून जगते. बारा वर्षांनी तोच दीर यात्रेला येतो आणि तिच्याच पंक्तीत जेवायला बसतो. ती त्याला ओळखते. तो मानही वर करत नाही. ती भात वाढते. तो म्हणतो, "आणखी." ती आणखी वाढते. संपलं.

मी वाचून उठलो तो थेट बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, याचं चित्र होणार. मी करवणार."

"शेटजींना चालेल?"

"चालेल."

"आणि शास्त्रीबुवांना?"

"त्यांचा काय संबंध?"

बाई हसल्या. "तुम्ही काशीतच जन्मलात ना? बरं, शाळेला कळलं तर माझी नोकरी जाईल. चित्र निघणार असेल तर जाऊ दे. आपल्या गल्लीतच अशा घाटावर बसवून सोडलेल्या अकरा जणी आहेत. त्यांना बघायला मिळालं पाहिजे."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागला नाही.

इकडे शेटजी कात्रीत सापडले होते. गुरुजींना नाही म्हणवेना, आणि चाळीस पानांचं मरण पडद्यावर पाहवेना. शेवटी त्यांनी काशीचा तोडगा काढला. "सभा बुलाइए. पंडित लोग जो कहें." काशीत ग्रहण असो, सोयरीक असो की समुद्रप्रवास, पंडित बसतात, वाद करतात आणि निर्णय संस्कृतात लिहून सगळे खाली सह्या करतात. त्याला व्यवस्थापत्र म्हणतात. ते एकदा झालं की कुणी एकटा जबाबदार राहत नाही. शेटजींना नेमकं तेवढंच हवं होतं.

राजा घाटाजवळच्या शेटजींच्या हवेलीत पंधरा पंडित जमले. चौदांनी सिनेमा पाहिला नव्हता. पंधराव्यांनी पाहिला होता, पण ते कबूल करणार नव्हते. पहिला दिवस सिनेमा हे दृश्यकाव्य की श्रव्यकाव्य यातच गेला. मुका असता तर दृश्य म्हटलं असतं, पण हा बोलतो. बोलतो तर बोलणारा कुठे आहे? पडद्यावर तर सावली. मग सावलीला जात असते का, असा एकांनी मुद्दा काढला आणि पानं मांडली गेली. पुरणपोळीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊशास्त्री माझ्याकडे वळले. "विनू, तुझी मुंज मी लावली. आणि तू लिहितोस, माझ्या कादंबरीत बाटली उरते? मतलब काय?"

"मतलब असा, शास्त्रीबुवा, की लोक उठून जातील."

"माझ्या प्रवचनातून कुणी उठतं?"

"तिथे शेवटी प्रसाद असतो."

सभा हसली. मला चेव चढला. बाईंची सिनॉप्सिस काढून मी मोठ्यानं वाचली. पंक्तीचा प्रसंग आला तेव्हा पंधरा पंडित गप्प होते. काशीत हे सहसा घडत नाही. एका म्हाताऱ्या वैदिकांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो.

"उत्तम," भाऊशास्त्री म्हणाले. "बिलकुल खरी गोष्ट. लिहिलीय कुणी?"

मी फुशारकीनं यमुनाबाईंचं नाव सांगितलं.

"हे चित्र गावोगाव जाईल?"

"जाईल."

"लोक रडतील?"

"रडतील."

"आणि रडून झाल्यावर विचारतील, की या बायका कुणाच्या दारात राबतात. इथे बसलेल्या कुणाच्या घरी अशी एक नाही?" पंडित आपापली उपरणी सावरू लागले. "म्हणून हे त्याज्य. आता सांग, माझ्या कादंबरीनं कुणाला काही होईल?"

"काहीच होणार नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"लिहून घ्या," ते लेखनिकाला म्हणाले. "निर्दोष."

पंधरा सह्या झाल्या. शेटजींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आप तो हेड हैं." मी सही केली. का केली म्हणाल तर नोकरी प्यारी होती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. वर शालही मिळाली.

चित्र निघालं. मध्यंतरानंतर थिएटरात डोअरकीपर आणि शास्त्रीबुवांचे शिष्य तेवढे उरत. कंपनी बुडाली, शेटजी शालूंकडे परतले, मी घरी. बाईंची नोकरी मात्र सभेनंतर आठवड्यातच गेली होती. त्यांचं नाव शाळेपर्यंत कुणी नेलं ते मला माहीत नाही. सभेत ते मी सांगितलं होतं, एवढं माहीत आहे.

वही परत द्यायला गेलो तेव्हा मी बरंच काही बोलणार होतो. बाईंनी बोलू दिलं नाही.

"तुम्ही वाचलीत, तेव्हा सगळे गप्प झाले म्हणे."

"हो. एकांनी डोळेसुद्धा पुसले."

"आणि सभेच्या पंक्तीला वाढायला होत्या त्या? आपल्या गल्लीतल्याच होत्या. त्यांनी ऐकलं?"

"त्या आत होत्या. स्वयंपाकघरात."

"मग तुम्ही वाचलीत कुणापुढे?"

मी वही पुढे केली. बाईंनी वही घेतली आणि दार लोटलं.

पुढे मी दोन कंपन्यांत हेच काम केलं. कादंबरी ज्यांच्यावर आहे त्यांना आधी वाचून दाखवायची, मगच रिपोर्ट लिहायचा, असा नियम केला. दोन्ही नोकऱ्या त्या नियमापायी गेल्या. यमुनाबाईंच्या कादंबरीचं चित्र अजून झालेलं नाही.