अक्कांच्या मनात काय आहे

धुळ्यात देवपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सगळे अक्का म्हणायचे. या अक्का एकाएकी माझ्यावर मेहेरबान झाल्या. ड्युटी संपली की थांबवून घ्यायच्या, व्हेंटिलेटर समजावायच्या, पुढचं शीक म्हणून मागे लागायच्या. मला हे काही सरळ वाटेना. आमच्याकडे सीनियर शिकवते ती स्वतःचं काम तुमच्या गळ्यात मारायला. रावेरहून आई फोनवर म्हणाली, "तिले पोरगं अशीन लग्नाचं. पाह्य तू!" मी चौकशी केली. मुलगा होता, पण लग्न झालेला. सून आमच्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर नर्स. म्हणजे तेही नाही. मग हवंय काय या बाईला?

राउंडला डॉक्टरांशी इन्चार्जने बोलायचं आणि बाकीच्यांनी ट्रे धरून मागे उभं राहायचं, ही आमची रीत. एक दिवस अक्कांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला. "आज तू बोल. मी शे ना आठे." इथेच आहेत म्हणे!

मी बोलले आणि पेशंटला लघवी किती झाली तेच सांगायचं राहिलं. डॉक्टर सगळ्यांदेखत खेकसले. अक्का ट्रे धरून मागेच उभ्या. बाईने मला मुद्दाम तोंडघशी पाडलं, याची मला खात्री पटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रे त्यांच्या हातात, बोलणं माझ्याकडे. माझं डोकं असं तापलं! इरेला पेटून मी अख्खा वॉर्ड पाठ करून राउंडला जाऊ लागले.

अक्का निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागेसाठी दोघींना मुलाखतीला बोलावलं, मला आणि त्यांच्या सुनेला. आता कळलं, म्हटलं! डॉक्टरांपुढे मी चुकावी आणि माझ्या शेजारी सून उठून दिसावी म्हणून हा सगळा खटाटोप. मला ती जागा हवीच होती. नाही मिळाली तर घरचे नोकरी सोडायला लावून रावेरला परत नेणार होते.

जागा मला मिळाली. तरी मनातली पाल चुकचुकतच होती. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या घेताना विचारलंच, "अक्का, सूनबाईंना का नाही शिकवलंत?"

"तिले बी असंच शिकाडं. तिले वाटनं, सासू राबाडस. मंग तिनी सोडी दिधं."

मी किल्ल्या कमरेला अडकवल्या. मलाही अगदी तेच वाटलं होतं. फक्त अक्का माझ्या सासू नव्हत्या, म्हणून मला रुसून बसता आलं नाही.