पायथ्याच्या फरश्या

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांचे ते पापुद्रे मुकादम. खाणीतला दगड थरांचा, आणि कांद्याचा पापुद्रा निघावा तशी अख्खी फरशी ते अलगद सोडवायचे. हात असा हलका, पण तोंड? तोंडाचं विचारूच नका! साधं "चहा गार झालाय" म्हणायचं असलं तरी भांडल्यासारखं म्हणणार.

दर दोन फरश्यांच्या मध्ये मऊ चिकणमातीचा एक पातळ थर असायचा. खाणीत त्याला लोणी म्हणत. त्या लोण्यात पहार घातली की फरशी सुटलीच म्हणून समजा. त्यात त्या डोंगराचे थर रस्त्याच्या बाजूला कललेले, घसरगुंडीसारखे. मुकादम नव्या गड्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "वर कशाला चढता रे? पायथ्याला हात घाला. डोंगर स्वतः दगड आणून देतो." खालची फरशी काढली की वरची आपोआप सैल व्हायची. वाहतूक नको, चढउतार नको. या युक्तीचा त्यांना फार अभिमान होता.

मुलीने त्यांच्या मनाविरुद्ध एका बसड्रायव्हरशी लग्न केलं, तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं. नात झाली आणि म्हातारा विरघळला. तोंडाने माफी मागणं काही जमेना, म्हणून मुलीला घर बांधून दिलं. डोंगराच्या अगदी कुशीत, आणि दगड कुठला, तर घराच्याच मागचा. एकेक फरशी स्वतः निवडून काढलेली. मुलगी घर बघून रडली होती. मुकादम तेव्हाही खेकसलेच, "रडतेस काय, भिंत ओली आहे अजून!"

पुढे त्यांची भाची रस्त्याच्या कामासाठी आली. खडकांचा अभ्यास करून मोठ्या हुद्द्यावर गेलेली, मामाची लाडकी. जेवून हात धुवायला घरामागे गेली आणि तिथेच थबकली.

"मामा, इथले खालचे दगड कुणी काढले?"

"मी! दुसऱ्या कुणाची टाप आहे?"

भाची हसली नाही. भिंतीतल्या एका फरशीवरून तिने बोट फिरवलं. तिच्यावर बारीक बारीक वळ्या होत्या. "या लाटांच्या खुणा आहेत. हा सगळा समुद्राचा तळ होता, मामा. पाणी हलत होतं तेव्हा वाळू बसली, तिचा हा दगड झाला. पाणी संथ झालं तेव्हा गाळ बसला, ते तुमचं लोणी. सगळं आडवं होतं. मग जमिनीचा दुसरा मोठा तुकडा हळूहळू सरकत येऊन याला रेटत राहिला. तळ उचलला गेला, वाकला, कलला. तेव्हापासून हे थर खाली घसरायला बघतायत. पायथ्याच्या थरांनी वरच्यांना अडवून धरलं होतं."

"होतं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ते काढलेत."

मुकादम तसेच डोंगरावर चढले. वर गवतात एक भेग होती. त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. आयुष्यभर आपण काय करत आलो ते त्यांना तिथे कळलं.

भाचीने ऑफिसला कळवलं. ऑफिस म्हणालं, बघू. मुकादमांनी मुलीला घर सोडायला सांगितलं तर ती उसळली, "जावई अजून डोळ्यांत खुपतो, म्हणून हे घर पडायला आलं का?"

आता समजूत घालायची सोडून या माणसाने काय करावं? घरात कुणी नाही असं बघून छपराचे पत्रे उतरवले आणि घणाने स्वयंपाकघराची भिंत पाडली! मुलगी परत आली तेव्हा ते ढिगाऱ्यात उभे होते. ती एवढंच म्हणाली, "आजपासून तुम्ही मला मेलात."

ती भाड्याच्या खोलीत गेली. आणि डोंगर? डोंगर जागचा हलला नाही. अख्खा पावसाळा गेला, तरी ढिम्म. टपरीवर लोक विचारायचे, "काय मुकादम, कधी पडतोय? सुट्टी टाकायची होती." एरवी अशाची त्यांनी पिसं काढली असती. आता मान खाली घालून चहा पीत. पण एकटे असले की डोंगराकडे बघून पुटपुटत, "पड की मेल्या! एकदाचा पड." पडला तर मुलीला पटेल, एवढीच आशा उरली होती. आणि असं मागतो म्हणून स्वतःचीच शिसारी यायची.

एका दुपारी टपरीवरून त्यांना घरासमोर वाळूची गाडी दिसली. मुलीने गवंडी आणला होता. ती त्याला पडकी भिंत दाखवत होती, आणि नात मागे, नेमकी त्या उताराखाली, मातीत खेळत होती. वरून खडा घरंगळल्याचा आवाज आला.

मुकादम धावले. चहाचा ग्लास कुठे पडला, चप्पल कुठे राहिली, कशाचं भान नाही. "आत्ता नको रे बाबा, मी उगाच बोललो, आत्ता नको!" असं डोंगराला विनवत त्यांनी पोरीला उचललं आणि रस्त्यापलीकडे जाऊन मटकन खाली बसले. पोर भेदरून रडत होती, पण त्यांचे हात काही सुटेनात.

मागे फक्त एक खडा पडला होता. टपरीवर कुणीतरी फिदीफिदी हसलं.

मुलगी तरातरा आली, ओरडण्यासाठी तोंडही उघडलं, आणि थांबली. बापाचे दात वाजत होते. बापाचा राग तिने जन्मभर बघितला होता. घर पाडलं तेही रागानेच, असं ती धरून चालली होती. असा बाप तिने कधी पाहिला नव्हता.

"बाबा, तुम्ही घाबरलात?"

"मी काढले गं ते दगड," ते लहान मुलासारखे रडू लागले. "तुझ्या घरासाठी चांगले हवेत म्हणून मीच काढले."

ती त्यांच्याजवळ धुळीत बसली. मग तिने मान वळवून हाक मारली, "गवंडीभाऊ, वाळू उतरवू नका."